खांडीला पाठ लावून

लोक खिशात तंबाखू ठेवतात, कंगवा ठेवतात, हल्ली दोन-दोन फोन ठेवतात. आमचे शेजारी हिराजीनाना खिशात चिखल ठेवतात.

साधासुधा चिखल नव्हे. खाडीकाठचा काळा, चिकट, मूठभर गोळा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, वर प्लास्टिकची पिशवी. पानवाला विड्याच्या पानांवर शिंपडतो तसं नाना सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी शिंपडतात. लग्नाला जाताना गोळा बरोबर, दवाखान्यात जाताना बरोबर. एकदा बँकेच्या रखवालदाराने संशयाने ती पिशवी उघडायला लावली आणि आत हात घातला. त्यानंतर नाना दिसले की तोच आधी दार उघडून धरतो.

कुठे पाणी पाझरताना दिसलं की नानांना चैन पडत नाही. आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि प्लंबर तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणत होता. नाना पंचांग मागायला आले. मी ते शोधून आणेपर्यंत त्यांनी नळाच्या मानेला चिखल थापला होता. नळ थांबला. मग तो उघडेचना, ही गोष्ट वेगळी. बायकोने मला त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंचांग त्यांना मुहूर्तासाठी लागत नाही, भरतीसाठी लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशोब. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की नाना मुलीचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. विचारतात, "तिथ कंची?" पुनव किंवा अवस निघाली की आशीर्वाद घरूनच.

नाना मूळचे पेणच्या खारेपाटातले. वडखळहून खाडीच्या अंगाला उतरलं की भातशेत आणि समुद्र यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बस्स. पुनव-अवसेच्या उधाणाच्या भरतीला ज्याची पाळी असेल त्याने बांधावर जायचं आणि आपल्या तुकड्यावर उभं राहायचं, ही गावाची रीत. बांधाला भोक पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली की एकाने खाडीच्या बाजूने तिला पाठ लावून बसायचं, म्हणजे पाणीच माणसाला भोकात दाबून धरतं. बाकीच्यांनी तोवर चिखल आणायचा. भरती ओसरू लागली की बांधावरचा म्होरक्या हाक द्यायचा, 'उतरली'. ती हाक कानावर पडल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

हे सगळं मला नानांकडूनच कळलेलं. त्यांच्या गावाचा बांध बऱ्याच वर्षांपूर्वी फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, आता तिथे तिवरं उगवली आहेत. नाना आणि त्यांच्या पत्नी जनाकाकू पेणला आमच्या शेजारी राहायला आले. काकू कमरेत वाकलेल्या. नाना त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. काकूंविषयी एवढीच माझी माहिती होती.

ती 'उतरली'ची सवय मात्र नानांनी शहरात आणली. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना कौतुकाने नेलं. राष्ट्रगीत झालं, मांडववाले खुर्च्या उचलू लागले, नाना आपले बसलेले.

"नाना, संपलं."

"कोनी बोललं नाय."

"काय बोलायचं?"

"उतरली म्हनून."

मी घाईत होतो. म्हटलं, "बरं, उतरली."

नानांनी मान हलवली. "तुमी नाय बोलायचं मास्तर. जो बांदाव व्हता त्यानं बोलायचं."

शेवटी शिपायाने पंखे बंद केले तेव्हा, माझ्यावर उपकार करावेत तसे, ते उठले.

तर असे नाना. आता रोह्याची गोष्ट.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणजे वर्षानुवर्षं मुलांकडून डोंगरामागून उगवणारा सूर्य काढून घेतो. त्यामुळे हल्लीच्या कलेविषयी माझं मत विचारू नये. रोह्यात एका बंद पडलेल्या भातगिरणीचं संग्रहालय झालं आहे. तिथे शेती, निसर्ग आणि आजची कला असं प्रदर्शन भरायचं होतं. पुण्याहून रेवती नावाची एक कलाकार मुलगी आली होती. तिला गिरणीच्या मोठ्या खोलीत खारेपाटातला खराखुरा बांध घालायचा होता. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची रोपं. बांध घालणारा माणूस हवा म्हणून तिने शाळेत फोन केला आणि तो माझ्या गळ्यात पडला.

मी नानांना विचारलं. ते खुलले. "कुठं?"

"रोह्याला."

 नानांचा हात खिशातल्या पिशवीवर गेला. मला आठवलं, नाना रोह्याला जातच नाहीत. मुरूडला बहिणीकडे जायचं तरी रोह्याची गाडी टाळून अलिबागवरून जातात. रोह्याच्या वळणांवर एस.टी. लागते म्हणून असेल, अशी माझी समजूत होती. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत त्यांनी पूर्वी नोकरी केली होती, तीही बांध फुटला त्या वर्षी सोडली.

आतून जनाकाकू म्हणाल्या, "जावा. बांद घालाय बोलवतान, मोडाय नाय."

नाना म्हणाले, "येतो. पन बांद फुटता नये. तेवढं त्या पोरीला विचारा मास्तर. शोभेचा असला तरी फुटता नये."

मी विचारलं. आणि रेवतीने उत्साहाने जे सांगितलं त्याने माझी पंचाईत झाली. फुटणं हेच तिचं काम होतं. बांधात ती एक लाकडी बूच बसवणार, उद्घाटनाला चारचौघांसमोर ते उपसणार, मग खारं पाणी शेतात शिरून महिनाभरात रोपं लोकांच्या डोळ्यांदेखत मरणार. "शेत जातं म्हणजे काय होतं ते लोकांना दिसायला हवं, सर," ती म्हणाली. बोलणं खोटं नव्हतं. मुलगी प्रामाणिक होती, तळमळीची होती.

घरी आल्यावर नानांनी विचारलं, "इचारलं?"

मी म्हटलं, "विचारलं."

अर्ध्या सत्याची शरम पूर्ण असते. ती मला पुढचे सहा दिवस पुरली. कारण सहा दिवस नाना पेणहून नागोठण्यावरून रोह्याला जात-येत होते आणि शेवटच्या दिवशी, रविवारी, मीही त्यांच्याबरोबर गेलो. पायाने चिखल तुडवायचा, पेंढा घालायचा, थर द्यायचा, फावड्याच्या पाठीने चोपायचा. गिरणीत राबणारा माणूस पेणच्या गल्लीतला दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा नव्हताच. रेवती टिपणं घेत होती. नानांनी तिला वही ठेवायला लावून चिखलात उतरवलं. "लिवून बांद व्हत नाय बाय." बांध झाला तेव्हा त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते चहाला गेल्यावर रेवतीने पाण्याच्या पातळीखाली बूच बसवून वरून चिखल सारवला. मी बघितलं आणि उरलेला पेंढा आवरायला लागलो.

उद्घाटनाला नाना पांढरा सदरा घालून आले. जनाकाकूही आल्या, नानांच्या दंडाला धरून. पाहुणे, फोटोवाले, गावातली बरीच मंडळी. रेवती दोन वाक्यं बोलली, वाकली आणि बूच ओढलं.

आधी करंगळीएवढी धार आली. रोपांच्या मुळाशी पाणी पसरलं. टाळ्या वाजल्या. मी नानांकडे बघायचं टाळत होतो, एवढ्यात ते गर्दीतून पुढे झाले. खिशातून पिशवी काढली, फडकं सोडलं आणि गोळा भोकात दाबून बसवला. कोणाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. आणखी टाळ्या पडल्या.

गोळा वाहून गेला. बुचाभोवतीचा चिखल ओला झाला होता, भोक वाढलं. नाना बांध ओलांडून पलीकडे गेले, गुडघाभर खाडीच्या पाण्यात उतरले आणि पांढऱ्या सदऱ्यासकट खांडीला पाठ लावून बसले. पाणी छातीपर्यंत आलं. धार थांबली.

आता टाळ्या वाजेनात. रेवती म्हणाली, "नाना, अहो, हे मुद्दाम केलंय." नाना समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

माझ्या शेजारी जनाकाकू उभ्या होत्या. मान वर करायला त्यांना त्रास होतो, म्हणून त्या जमिनीकडे बघतच बोलल्या. "आमचा बांद गेला त्या दिशी बांदावची पाली यांची व्हती. कंपनीत एक गडी आयला नाय, यांना दुसरी शिफ्ट लावली. यांचे जागेव मी गेले. खांड पडली तवा मीच जवल व्हते. पाठ लावली."

"किती वेळ?"

"भरती उतरंपरत. दुसरे भरतीला सगलंच गेलं, पन त्या भरतीला नाय जाव दिलं." त्यांनी पाण्यातल्या नानांकडे हात केला. "यांना कवा कोनी काय बोललं नाय. मी पन नाय."

ती वाकलेली पाठ मी इतकी वर्षं रोज बघत होतो आणि म्हातारपण समजत होतो. मला तिथे उभं राहवेना. रेवतीनेही ते सगळं ऐकलं होतं. तिने बूच खाली टाकलं, बाह्या वर केल्या आणि कोपऱ्यात उरलेल्या चिखलाच्या ढिगाकडे गेली. मी गेलो. मग फोटोवाला, मग पाहुण्यांपैकी दोघं-तिघं. हातोहात चिखल येऊ लागला. नानांनी पाठ न हलवता सांगितलं, "खालून भरा. पेंढा घाला. दाबा." खांड भरली. रोपांकडची जमीन नुसती ओली राहिली.

"भरली नाना, उठा," रेवती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. नाना बसलेलेच.

मी पाण्यात उतरलो. म्हटलं, "नाना, मला ठाऊक होतं. तिने मला आधीच सांगितलं होतं. मी तुमच्यापासून लपवलं."

"मना पन ठावं व्हतं मास्तर. बुचाचं लाकूड बांदात लपतंय व्हय? आयलो तवाच दिसलं."

"मग काढायला नाही लावलंत?"

नाना हसले. थंडीने त्यांची हनुवटी थरथरत होती. "एवढ्या वर्सांनी पाली आयलेली."

 लोक हळूहळू मागे सरले. जनाकाकू एक हात बांधावर टेकत, चिखलात पाय रोवत आल्या आणि नानांच्या डोक्याशी थांबल्या. त्यांच्या ओल्या केसांवरचा पेंढा काकूंनी काढला.

"उतरली," त्या म्हणाल्या.

नानांनी मान वर केली. "नक्की गो?"

"मी व्हते ना बांदाव. उतरली. चला घरा."

नाना उठले.