शनिवारचे ब्रेक

गाडी पळवणारे जळगावात पैशाला पासरी मिळतील, पण थांबवणारा मी एकटा! हे वाक्य मी गेला महिनाभर इतक्यांदा ऐकवलंय, की पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत लोक मला लांबून बघूनच दुसऱ्या गल्लीत वळतात.

त्याचं असं झालं. माझे सासरे भाईदास नाना धुळ्याला एकटे राहतात. जन्मभर एसटी चालवली, आणि आता डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन जळगावात ठरलं. शनिवारी त्यांना घेऊन यायचं, सोमवारी ऑपरेशन. पण नाना गाडीत बसायलाच तयार नाहीत! दिवाळीत मी त्यांच्या अंगणात गाडी घातली होती, ती थेट रांगोळीतल्या मोरावर जाऊन थांबली. थांबली ना पण! तरी नाना सगळ्या भाऊबंदांत सांगत सुटले, "जवाईबापू गाडी थांबवत नाहीत. गाडीच कंटाळून थांबते." बरं, एसटीने या म्हणावं तर म्हणे गुडघे दुखतात.

दिपमाला, म्हणजे आमची सौ., रडकुंडीला आलेली. "अहो, डोळा जाईल हो नानांचा! काहीतरी करा!"

मी केलं. ब्रेकच बदलले! ब्रेकचे रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे टाकले. कितीही तापलं तरी उकळणार नाही असं ब्रेक ऑइल भरलं. आणि पॅड घेतले ते रस्त्यावर चालतील आणि शर्यतीच्या ट्रॅकवरही चालतील असे. खरं सांगू? पुढच्या महिन्यात सोनगीरच्या माळावर आमच्या हौशी क्लबच्या गाड्या पळणार होत्या. एका खर्चात सासरे आणि शर्यत, दोन्ही!

"फक्त एक लक्षात ठेवा, प्रेमराजभाऊ," आमचा मेकॅनिक कुंदन म्हणाला, "हे पॅड गार असले की जरा आळशी असतात. तापले की धरतात."

शुक्रवारी संध्याकाळी नशिराबादच्या रस्त्याला जाऊन मी ते तापवून पाहिले. पळव, दाब. पळव, दाब. काय ते ब्रेक! चष्मा नाकावरून उडून डॅशबोर्डवर!

शनिवारी सकाळी आईला, पुष्पाबाईंना, मुद्दाम अंगणात बोलावलं. चाकाच्या फटीतून आतली चकचकीत डिस्क दाखवली, तिला चिमट्यात धरणारा तो लोखंडी कॅलिपर दाखवला.

"आई, हा बघ. इंजिन-बिंजिन सगळं झूट. गाडीतला खरा देव हा! हाच आपल्याला वाचवतो."

"मागच्या चाकातही आहे का रे?" आईने डोळे बारीक करून विचारलं.

"छे! मागे जुनंच. खरा देव पुढच्या दोन चाकांत!"

"असं का!" आई म्हणाली. मारुतीला निघाली होती, ती थबकली. मी आंघोळीला गेलो. आलो, दोन पोळ्या तोंडात कोंबल्या आणि आम्ही दोघं निघालो.

कॉलनीच्या पहिल्याच गतिरोधकाला ब्रेक दाबला. काही नाही! गाडी डुलत डुलत वरून गेली.

"अहो!" दिपमाला ओरडली.

"गार आहेत. आळशी असतात सकाळी," मी म्हणालो.

"कोण?"

"पॅड गं!"

एरंडोलच्या अलीकडे वास यायला लागला. मला तर भारी कुतूहल! जळका म्हणावा तर जळका नाही. खमंग!

"कुणीतरी भजी तळतंय," दिपमाला म्हणाली.

"वेडी की काय? पॅडमधला चिकटा भाजला की असा वास येतो. सगळं शास्त्र आहे ते."

"शास्त्रात ओवा घालतात का?"

पुढे धूर निघाला. दिपमाला म्हणाली, उतरा आणि बघा. पण उतरून बघेल तो अडाणी! मला तर कारण आधीच माहीत होतं. मी तिला उष्णता, घर्षण, सगळं समजावलं. मात्र पाय ब्रेकवर आणखी घट्ट रुतवला आणि गाडी अशी सावकाश काढली, की केळी भरलेला ट्रॅक्टर हॉर्न देऊन आमच्या पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्याने जाताना मायेने हातही केला.

धुळ्यात देवपूरला नानांची गल्ली थोडी उताराची आहे. नाना फाटकात उभे होते, धोतर, काळी टोपी, कपाळावर आडवा हात. मी ऐटीत ब्रेक दाबला. गाडी नानांच्या समोरून पुढे गेली.

मी दोन्ही पायांनी दाबला. गाडी मुंगीच्या चालीने चालतेच आहे! नाना शांतपणे शेजारून चालायला लागले.

"या या. कसं काय शे, जवाईबापू?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"बरं आहे, नाना!"

"गाडी थांबस नही का?"

"थांबते ना! गार आहेत जरा!"

"धूर निंघी राह्यना, आनि गार?"

असं आम्ही चार घरं बोलत गेलो. लोक ओट्यांवर आले. शेवटी समोर गल्लीच्या टोकाच्या वनाभाऊच्या दारातली ज्वारीची पोती दिसायला लागली, तेव्हा नाना म्हणाले, "हँडब्रेक नावाची वस्तू ठेवली की तीपण काढून टाकली?"

मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पोत्याला नुसतं नाक लावून!

मी खाली उतरलो तोवर दिपमाला पुढच्या चाकाशी वाकलेली. "अहो, इकडे या. इथे झेंडूचं फूल आहे."

मीही वाकलो. कॅलिपर शेंदरी! डिस्कवरून तेलाचे ओघळ! दुसऱ्या चाकात बघितलं, तिथेही तेच, वर दोन अक्षता! मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई! गाडीला काय केलंस?"

"काय म्हणजे? पूजा! आज शनिवार. तूच म्हणालास ना, खरा देव इथे आहे म्हणून? शेंदूर लावला, मारुतीची तेलाची वाटी निम्मी निम्मी वाहिली दोघांना. ओव्याच्या भज्यांतलं उरलेलं तेल होतं रे, चालतं ना देवाला?"

मी कपाळाला हात लावला. सगळी गल्ली हसत होती. दिपमाला तर पोत्यावरच बसली!

"आणि भाईदासभाऊंना सांग," आई बोलतच होती, "त्यांना गाडीची भीती वाटते म्हणून देवाला मुद्दाम म्हटलं, बाबा, त्यांना सुखरूप आण. डोळा नीट होऊ दे."

हे ऐकलं आणि नानांचं हसू मावळलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"विहीणबाई," ते फोनजवळ येऊन हळूच म्हणाले, "माले गाडीनं भ्याव नही वाटस. आपरेशननं वाटस. डोळ्यात सुरी घालणार म्हणे. मी आपलं जवाईबापूच्या ब्रेकवर ढकलत होतो."

म्हणजे मोर, गुडघे, माझी बदनामी, सगळं निमित्त! मला राग यायला हवा होता. पण नानांची हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती. मी फोन त्यांच्या आणखी जवळ धरला.

"येडे की काय भाऊ!" फोनमधून आई कडाडली. "माझे दोन्ही डोळे झालेत! पोहे खाऊन गेले, जेवायला घरी आले! गुपचूप या!"

"नाना, मी शेजारी बसते ना," म्हणत दिपमालाने त्यांचा हात धरला. नानांनी तो घट्ट धरला. मग म्हणाले, "चला. पण आज या गाडीत नाही."

गाडी नानांच्या अंगणात लावली आणि आम्ही तिघं एसटीने निघालो. गुडघ्याचं नावही नाही! ड्रायव्हरने पारोळ्याला बस लोण्यासारखी थांबवली, तेव्हा नानांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात ब्रेक!"

ऑपरेशन छान झालं. कुंदनने धुळ्याला जाऊन डिस्क धुतल्या, तेल प्यायलेले पॅड बदलले, आणि मग पोट धरून हसला. शेंदूर मात्र निघेना. पुढच्या महिन्यात सोनगीरला नाना काळा चष्मा लावून माळावर बसले होते. माझी गाडी सांगितलेल्या रेषेवर अशी कचकन थांबली, की नाना उठून उभे राहिले! क्लबची पोरं धावत आली, चाकाशी वाकली. मी छाती काढून पाइप, पॅड, ऑइल, सगळं सांगायला सुरुवात केली. कुणी ऐकेना. त्यांना एकच हवं होतं, तो शेंदरी रंग कुठला?

मी काही बोलायच्या आत नानांनी सांगून टाकलं. येत्या शनिवारी आमच्या अंगणात गाड्यांची रांग लागणार आहे. आई तेल गाळून ठेवतेय.