नियंत्रणात असलेलं झाड

वारा रात्री सुटतो आणि निवेदन सकाळी सुटतं. पैकी वाऱ्याने नुसतं नुकसान होतं, धीर येतो तो निवेदनानेच. हे ओळखून नगर परिषदेने वाऱ्यासाठी कोणालाही नेमलेलं नाही, निवेदनांसाठी मात्र एक बाई पूर्णवेळ नेमली आहे. गावभर तिला घोषणाताई म्हणतात.

त्या रात्री वारा जात्यावर बसल्यासारखा बसला आणि पहाटेपर्यंत गाव दळत राहिला. सकाळची अधिकृत मोजदाद अशी: पडलेली झाडं अठ्ठावन्न, उडालेले पत्रे दोनशे बारा, 'वाऱ्यापासून सावध राहा' असे फलक तीन (तिन्ही बेपत्ता), पाण्याची टाकी एक (टाकी सापडली, मालक सापडेना), आणि परिषदेच्या घड्याळाला अडकलेली विजार एक. (मालकाने ओळख पटवून न्यावी. तोवर वाजले किती, हे कोणी विचारू नये.)

झाडं उचलणारी गाडी सज्ज होती. ती परिषदेच्याच आवारात एका पडलेल्या झाडाखाली होती. त्या झाडाचा तक्रार क्रमांक अठ्ठावन्नावा, त्यामुळे आधीची सत्तावन्न उचलल्याशिवाय गाडीचा नंबर लागत नव्हता.

पण परिषदेकडे गाडीहून भक्कम गोष्ट होती, ती म्हणजे पाच पायऱ्या. 'नोंद घेतली', 'पाहणी सुरू', 'काम युद्धपातळीवर', 'नियंत्रणात' आणि 'पूर्ववत'. दर तासाला प्रत्येक झाड एक पायरी चढतं. त्यासाठी झाडाने जागचं हलायची अट नाही. चढलेली पायरी उतरता येत नाही, कारण त्याने जनतेचं मन खचतं.

आठ वाजता ताईने पहिलं निवेदन काढलं आणि सवयीने खाली ओळ टाकली: 'पडलेल्या झाडास नागरिकांनी हात लावू नये.'

सव्वाआठला वडिलांचा फोन आला. वडील सुतार, चाळीस वर्षं करवत चालवलेली.

"पोरी, दारात झाड आडवं पडलंय. बुंधा उंबऱ्याला टेकलाय."

"लागलं नाही ना कुठे?"

"मला काय होतंय! पाळणा अडकलाय."

ताईची धाकटी बहीण चार वाजता दवाखान्यातून सासरी जाणार होती, पाच दिवसांची लेक घेऊन. त्या नातीसाठी आजोबांनी महिनाभर खपून पाळणा केला होता. खिळा एकही नाही, नुसती खाचेत खाच. सुटा करायचा म्हणजे मोडायचा. मागच्या दारातून आजोबा निघत होते, पाळणा निघत नव्हता.

"बाबा, घरात करवत असेल ना?"

"सात आहेत. पण आत्ताच वाचलं, हात लावू नये. खाली तुझं नाव आहे."

"अहो, ते लोकांसाठी असतं!"

"मग मी कोण? लेकीचा शब्द बापानेच मोडला, तर गल्लीने का पाळावा?"

ताई तडक साहेबांकडे गेली. साहेब बैठकीत होते. बैठक संपली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"साहेब, ती हात न लावण्याची ओळ काढू का?"

"काढली तर ती चुकली होती असं होईल."

"मग गाडी तरी?"

"गाडी नियंत्रणात आहे."

बारा वाजता ताईने 'पूर्ववत' लिहिलं. आपण बापाशी पहिल्यांदाच खोटं बोललो, आणि तेही सहीशिक्क्यानिशी, असं तिच्या मनात आलं. तोच फोन वाजला.

"पोरी, वाचलं. म्हणजे माझ्या दारात आता झाड नाही?"

"...नाही, बाबा."

"लेखी?"

"लेखी."

"झकास! मग हे जे काही आडवं पडलंय ते झाड नव्हे. त्याला करवत लावायला परिषदेची हरकत नसावी."

ताईच्या हातातला शिक्का टेबलाखाली गेला. तो शोधायला ती वाकली आणि बराच वेळ तिथेच हसत बसली.

आजोबा मागच्या दाराने निघून वळसा घालून पुढे आले. खर्र ये, खर्र जा, करवतीला गाणं सापडलं. गल्लीतली एकेचाळीस घरं खिडक्यांत जमली. सदतीस घरांनी फोटो काढले, चार घरांनी करवत कशी धरावी ते सांगितलं. खाली कोणी उतरलं नाही.

"अहो, या की हात लावायला! झाड राहिलेलं नाही, वाचलं नाहीत का?"

"वाचलं म्हणून तर येत नाही," वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या. "नसलेलं झाड उचलायला कोण येईल, आजोबा?"

चार वाजता पाळणा हातगाडीवरून निघाला. पाचाला नात त्यात झोपली, मुठी घट्ट, जणू तिनेच वारा धरून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी पाहणी पथक चालत आलं. दारात झाड आढळलं नाही. निवेदन इतकं तंतोतंत खरं ठरण्याची परिषदेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ, म्हणून ताईला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याच संध्याकाळी तिने शेवटचं निवेदन काढलं: 'झाडास हात न लावता, शेवटपर्यंत केवळ वाचत राहून सहकार्य केलेल्या सर्वांचे आभार. यादी सोबत जोडली आहे.'

यादीत गल्लीतली एकेचाळीस घरं आहेत. बेचाळिसावी ओळ आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे. सही लागणार नाही. आपण इथवर वाचलंत, तेवढं पुरे.