हौसेची बुडी

लॉरीची फुगवलेली ट्यूब पाठीवर, छातीवर चामड्याचे दोन पट्टे करकचून आवळलेले आणि कमरेला दगडांची पिशवी, अशा थाटात गुणवंतराव अंगणात आले, तेव्हा शकुबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याला पुढून-मागून पाहून घेतलं.

"हे काय जी? कोनाच्या गाडीचं चाक बांधून आनलं?"

"चाक नाई, ट्यूब होय. लाकडाच्या ठेकेदाराच्या डायवरानं देल्ली. हे घालून तलावाच्या बुडाशी जाऊन राह्यलो."

"काऊन? काई पडलं का त्यात?"

"काई पडलं नाई. पाहाले जातो. मजा म्हनून."

'मजा' हा शब्द शकुबाईंनी नवऱ्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी गुणवंतरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

गुणवंतराव जंगलखात्यात नाकेदार होते. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर एका नाक्याशी बसून त्यांनी उभी उमर दुसऱ्यांचं सागवान मोजण्यात घालवली. बांबूचा दांडा वर करायचा, बैलगाडी गेली की खाली करायचा. स्वतः ते त्या दांड्याच्या पलीकडे फारसे कधी गेले नाहीत. पेन्शन घेऊन गावी परतायच्या सुमारास त्यांना विश्रामगृहावर कुणी साहेब विसरून गेलेलं एक विलायती मासिक सापडलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं पाहता येत होती. एका चित्रात एक गोरा माणूस समुद्राच्या तळाशी, आपल्या अंगणात उभं राहावं तसा उभा होता. पाठीवर हवेची नळकांडी, खांद्यांवरून पट्टे, डोळ्यांवर काच आणि नाकापुढून मासे चाललेले. तो माणूस मासे धरत नव्हता, मोती शोधत नव्हता. नुसता पाहत होता. एवढ्या खाली जाऊन नुसतं पाहायचं, ही गोष्ट गुणवंतरावांच्या मनात जी घुसली ती निघेना.

हवेची नळकांडी काही इथं मिळणार नव्हती. पण पट्टे आणि माणसाला वर आणणारं काहीतरी, एवढं तर जमण्यासारखं होतं. दगडांच्या वजनानं खाली जायचं, एका दमात जेवढं दिसेल तेवढं पाहायचं आणि हवेच्या जोरावर वर यायचं. आता ही हवा कशात भरायची आणि अंगाला कशी बांधायची, याचाच विचार ते दिवसभर करत बसत.

ट्यूबच्याही आधी ते गेले होते मनसारामकडे. मनसाराम गावातल्या मासे धरणाऱ्यांचा म्होरक्या. तो तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जाळं वाळत घालत होता आणि शेजारी वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे पडले होते. हे तुंबे कमरेला बांधून त्याची माणसं पाण्यात तरंगत.

"मनसाराम, हा तुंबा किती वजन उचलते गा?"

"तुमाले उचलन ना, भाऊ. दोन बांधा आन झोपून जा पान्यावर."

"मी एकटा नाई. बुडातून माह्यासंग आनखी वजन वर येईन, त?"

गुणवंतरावांच्या मनात दगडांची पिशवी होती. नदीवरून चांगले गोल दगड वेचून आणले होते, ते दर खेपेला तळाशी टाकून यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण दगडांचं ते मनसारामला बोललेच नव्हते. त्यानं जाळं सोडलं आणि आवाज खाली आणला.

"किती वजन, भाऊ?"

"भलतंच जड हाये. हातानं उचलून पाह्यलं मी."

"मंग तुंब्यानं नाई होत," मनसाराम हळूच म्हणाला. "तुंबा फुटला त सारं खालीच राहीन."

म्हणून ट्यूब आली. मग पट्ट्यांसाठी ते इसरू चांभाराकडे गेले. इसरूनं विचारलं, बैलाला करतो तसे करू का? गुणवंतराव म्हणाले, "बैलापक्षा मजबूत पाह्यजे. ओलं वजन असते. ऐन वख्ती तुटले त सारी मेहनत पान्यात." इसरूनं पट्ट्याला दुहेरी शिवण घातली आणि शिवता शिवता समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली.

संध्याकाळपर्यंत गावाच्या बोलण्यात धनानं भरलेला एक पितळी हंडा तलावाच्या तळाशी जाऊन बसला. सकाळी तो गोंडराजाच्या वेळचा झाला. दुपारी एकाचे सात झाले.

गुणवंतरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चाचणीच्या दिवशी ते पाळीवर आले, तर निम्मं गाव तोंडात कडुनिंबाची काडी घालून तिथं उभं होतं. एरवी ही मंडळी आपापल्या अंगणात दात घासत. गुणवंतरावांना वाटलं, आपलं कौतुक पाहायला आले असतील. त्यांना बरं वाटलं.

ते पाण्यात उतरले आणि त्यांच्या ध्यानात आलं की ट्यूब पाठीवर बांधण्यात थोडी चूक झाली आहे. हवा वर यायला पाहते, आणि ती पाठीला बांधली असेल तर पाठ वर येते. पाठ वर आली की तोंड खाली जातं. दगडांनी कमर खाली ओढली, ट्यूबनं पाठ वर ओढली आणि गुणवंतराव पाण्यावर पालथे होऊन हातपाय मारू लागले. पण डोळ्यांवर मेण लावून बसवलेला मोटारवाल्याचा चष्मा होता, आणि डोळे उघडे होते. सकाळचं ऊन तिरपं खाली गेलं होतं. खालचं सगळं हिरवं होतं, हिरव्यातून सोनेरी धूळ तरंगत होती आणि एक मोठा मासा अगदी सावकाश, कुणाची भीती नसल्यासारखा, त्यांच्या तोंडाखालून गेला.

मनसारामनं पाण्यात उडी टाकून त्यांना सुलटं केलं. पोटातलं पाणी तोंडावाटे काढत गुणवंतराव ओरडले, "दिसलं! अरे, दिसलं!"

पाळीवरच्या माणसांनी काड्या थुंकल्या.

चामडं भिजून फुगलं होतं, त्यामुळे पट्टे सुटेनात. ते सोडवायला जितके हात पुढे आले, तितके उभ्या उमरीत गुणवंतरावांच्या मदतीला आले नव्हते. प्रत्येकानं पट्टा कमी ओढला आणि धोतराचा सोगा जास्त चाचपला.

"काय दिसलं, भाऊ?" एकानं विचारलं.

"कसं सांगू? ते सांगन्यासारखं नाई," गुणवंतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी त्यांचा धाकटा भाऊ लटारू टोपलीभर सीताफळं घेऊन घरी आला. वाटणीत बांधावरच्या मोहाच्या झाडावरून भांडण झाल्यापासून त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. तो ओट्यावर बसला, वहिनीच्या हातचं पाणी प्याला आणि म्हणाला, "दादा, बापाचं जे काई असन, ते दोघाईचं."

"बापाचं काय?"

"बाप मालगुजाराच्या वाड्यावर रखवालदार होता. मरतेवेळी तू जवळ होता, मी नोता. त्यानं तुले सांगतलं असन."

"त्यानं पानी मांगलं आन मेला," गुणवंतराव म्हणाले. "अरे लटारू, मी हौसेनं जाऊन राह्यलो. मजा म्हनून."

लटारू हसला. बराच वेळ हसला. "मजा? तुले? दादा, माह्या लग्नात सारे नाचले, तू जोडे सांभाळत बसला होता. मले काऊन फसवतं?" जाताना त्यानं सीताफळांची टोपली परत नेली.

मग पंचायतीनं बोलावलं. मालगुजारांची जमीनदारी संपली होती, त्यांचा तलाव सरकारजमा झाला होता, आणि सरकार लांब चांद्याला होतं. तेव्हा तलावात जे असेल ते गावाचं, असं सरपंचांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. गुणवंतरावांनी मासिकातलं चित्र सांगितलं, गोरा माणूस सांगितला, तो नुसता पाहत होता हे दोनदा सांगितलं.

"तो गोरा खुळा असन," सरपंच म्हणाले. "तुमी खुळे नाई, गुणवंतराव. तुमी सरकारी मानूस होय. वजनाचं काऊन विचारलं मनसारामले?"

"दगडाचं विचारलं."

"दगड वर आनाले खाली जाता?"

सगळी चावडी हसली. ते बोलणं गुणवंतरावांना स्वतःलाही आता विचित्र वाटू लागलं होतं. सरपंचांनी निकाल दिला की कुणीही एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. तलाव रिकामा करायचा.

धान पोटरीवर आलं होतं. त्याला आणखी एक पाणी लागणार होतं, हे चावडीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलला एकटा मनसाराम. "सरपंच, धानाले पानी लागन. आन मासे मरतीन. आमी काय खावं?"

"धान दरसाल होते," सरपंच म्हणाले. "आन हंडे निंगाल्यावर तू मासे काऊन धरशीन?"

गुणवंतराव उठून उभे राहिले. "हात जोडतो. खाली चिखोल हाये आन मासे हायेत. दुसरं काई नाई."

"पाहा," लटारू लोकांना म्हणाला, "आता कसा हात जोडून राह्यला."

तलावाचं दार उघडलं. पाणी जायचं तेवढ्याच वेगानं जात होतं, पण लोकांना तेवढा दम नव्हता. कुणाची कुऱ्हाड, कुणाचं फावडं, असं करत त्यांनी पाळच फोडली. पहिलं फावडं लटारूनं मारलं, आणि पहिलं पाणी पाळीखालच्या त्याच्याच शेतात शिरलं. उभं धान आडवं झालं. लटारूनं मागं वळून पाहिलंही नाही, तो चिखलात सगळ्यांच्या पुढे होता.

अख्खं गाव गुडघाभर चिखलात उतरलं. टोपल्या, घमेली, लेकरांच्या झोळ्या, जे हाताला लागलं ते घेऊन. मासे पायांत फडफडत होते, त्यांच्यावर पाय देऊन लोक पुढे जात होते. गाडग्यांची खापरं निघाली. गंजलेला नांगराचा फाळ निघाला, म्हशीची कवटी निघाली. आणि पाणी भरायचा एक पितळी गुंड निघाला, तेव्हा जी ओरड झाली ती पलीकडच्या गावात ऐकू गेली. सरपंचांनी तो धुतला. त्यावर त्यांच्याच आईचं नाव कोरलेलं होतं. हा गुंड चोरून माहेरी नेला म्हणून त्यांनी धाकट्या सुनेला बापाकडे पाठवून दिलं होतं, आणि ती तिकडेच तापानं गेली होती. सगळ्यांना ते आठवलं. सरपंचांनी गुंड काखेत मारला आणि म्हणाले, "चाला, आनखी खोल पाहा."

गुणवंतराव फुटलेल्या पाळीवर उभे होते. जिथं त्यांनी हिरवं ऊन पाहिलं होतं तिथं आता करड्या चिखलात हजार पायांचे खड्डे होते, आणि कावळे उतरत होते.

त्या साली गावात धान घरात आलं नाही. मासे धरणारे एकेक करून वैनगंगेच्या काठाला निघून गेले. मनसाराम निघाला तेव्हा बायकोला पुढं घालून आणि जाळं हातात घेऊन तो गुणवंतरावांच्या दारात थांबला. रागावला नाही.

"भाऊ, आता त मी चाललो. खरं सांगा. मजा म्हनूनच?"

"मजा म्हनूनच, मनसाराम."

"नोका सांगू मंग," मनसाराम म्हणाला आणि जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

हंडे सापडले नाहीत, याचा अर्थ गावानं एकाच बैठकीत लावून टाकला. चाचणीच्या दिवशीच गुणवंतरावांनी माल काढला होता. ओरडले ते उगाच नाही, आणि पट्टे सुटत नव्हते तेही नाटक. एवढं कळल्यावर लोक त्यांच्या अंगावर धावून येतील, असं गुणवंतरावांना वाटलं. घडलं उलटं. दुकानदार उठून नमस्कार करू लागला. सरपंच रस्त्यात भेटले की "रामराम, गुणवंतरावजी" म्हणू लागले. लटारूनं मोहाच्या झाडाचा हक्क आपण होऊन सोडला आणि वहिनीसाठी नवं लुगडं पाठवलं. ज्याच्यामुळे सगळ्यांची कोठी रिकामी राहिली, त्याला आता गावात जाईल तिथं बसायला पाट मिळत होता.

एका संध्याकाळी शकुबाईंनी ताट वाढलं. भातावर तूप होतं. साऱ्या गावात त्या साली कुणाच्या भातावर तूप नव्हतं, आणि ते कुठून आलं हे त्यांनी सांगितलं नाही. त्या समोर बसल्या, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि पुढं सरकल्या.

"लोकाईले काई सांगा तुमी. मी नाई बोलली कोनाजवळ. पन मले त सांगा."

"काय?"

"कुठी ठेवलं?"

गुणवंतरावांनी घास खाली ठेवला. गोरा माणूस, चित्र, हिरवं ऊन, मासा, हे सगळं पुन्हा एकदा त्यांच्या ओठांवर आलं. शकुबाईंच्या तोंडाकडे पाहता पाहता ते ओठांवरच विरलं.

"आत्ताच नाई काढाचं," ते म्हणाले. "लोकाईची नजर हाये."

शकुबाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा वर्षानुवर्षांचा थकवा जरा उतरल्यासारखा झाला. एखाद्या कर्तबगार माणसाकडे पाहावं तसं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि न विचारता आणखी एक पळी तूप वाढलं. गुणवंतराव मान खाली घालून भात कालवू लागले.