शिमोनरावांचे पाय

आमच्या सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीत शिमोनराव रणपिशांइतका नम्र माणूस झाला नाही आणि होणार नाही. हे मला खुद्द शिमोनरावांनीच सांगितलं होतं.

मी नुकताच साताऱ्याहून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात उपासनेला गेलो आणि नवखा म्हणून मुकाट्यानं शेवटच्या बाकावर टेकलो. एवढ्यात पांढरा कोट, आखूड विजार आणि भरघोस मिशा असे एक गृहस्थ माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"उठा मास्तर. ही जागा माझी हाय."

"पुढं सगळे बाक रिकामे आहेत," मी म्हणालो.

"ते थोरामोठ्यांस्नी. आपण काय, देवाच्या दारातलं पायपुसणं."

मी उठलो. पायपुसणं माणसाला पार पहिल्या बाकापर्यंत ढकलू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शिमोनराव मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. कोयत्यानं कापलेले, काट्यानं सुजलेले, बैलानं तुडवलेले पाय दिवसभर धुवायचे आणि बांधायचे, हे त्यांचं काम. संध्याकाळी तिथून सुटले की ते सेवेला निघत, आणि मग मिशनच्या कंपाउंडातल्या कुणाचीच धडगत नसे. न सांगता ते तुमचं अंगण झाडत, तुमचं पाणी भरत, तुमच्या कंदिलाची वात कापत. एका रविवारी उपासना सुटल्यावर बाहेर येऊन पाहतो तो माझ्या चपला गायब. एप्रिलच्या उन्हात उड्या मारत घर गाठलं. संध्याकाळी शिमोनराव चपला घेऊन हजर.

"अंगठा सैल झाला हुता. चांभाराकडनं शिवून आणला."

"अहो, विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

स्वतः मात्र ते कुणाकडून पाण्याचा पेलासुद्धा घेत नसत. माझ्या बायकोनं एकदा आग्रहानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो मला पाजला आणि कप विसळून फळीवर ठेवून दिला.

असं दोन वर्षं चाललं. मग नवे पाळकसाहेब आले. ते विद्वान होते. त्यांचे आजोबा साताऱ्यातले नामांकित शास्त्री. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते घराला मुकले. पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की सेवक या शब्दाचा पवित्र शास्त्रातला मूळ अर्थ आपण हरवून बसलो आहोत. त्यावर त्यांनी पाच रविवार उपदेश केला. तो अर्थ एकदाचा सापडावा, म्हणजे उपासना तरी वेळेवर सुटेल, असं पाचव्या रविवारी सगळ्यांनाच वाटू लागलं.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, की प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आपण भर मंडळीत एका वडीलधाऱ्या सभासदाचे पाय धुणार. महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, तरी नम्रतेच्या या विधीच्या पत्रिका छापल्या गेल्या. संस्थानच्या एका अंमलदारासाठी पुढं गादीची खुर्ची ठेवायचं ठरलं. पाण्यासाठी जर्मन सिल्व्हरचं घंगाळ आलं. राहता राहिले पाय. ते सर्वांत नम्र माणसाचे हवेत, असं मंडळीच्या पंचांनी ठरवलं, म्हणजे प्रश्नच मिटला.

शिमोनरावांची मात्र झोप उडाली. ते रोज दवाखाना सुटला की माझ्या ओसरीवर येऊन बसत आणि अंगण न झाडता परत जात. यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

"मास्तर, यातनं सुटायला शास्त्रात कुठं वाट न्हाई का?"

"प्रभूनं पाय धुतले त्या वेळी एक शिष्य नको नको म्हणाला होता खरा."

"मग?"

"मग धुऊन घ्यावेच लागले."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी एका शेतकऱ्याच्या धडधाकट पायाला पट्टी बांधली. "आवं, दुखनं ह्या पायाला हाय," तो म्हणाला. "असू द्या. ह्योबी कवातरी लागंलच," शिमोनराव म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. आमच्या शाळेच्या शिपायाला कौतुक वाटत होतं. "लय मोठा मान गावला की वो तुमास्नी," असं तो म्हणाला, तर शिमोनरावांनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

बुधवारी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला थोडा रागच आला. म्हटलं, "शिमोनराव, दुसऱ्याची सेवा घेता येत नाही हासुद्धा एक ताठाच आहे."

ते मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "माझा बा आटपाडीकडच्या एका गावात येसकर हुता. गावाचा सांगकाम्या. कुणी मेलं की सांगावा घिऊन पळायचं, सायब आला की घोड्याम्होरं पळायचं. पाटील चावडीच्या कट्ट्यावर बसायचा अन् बा खाली वाकून उभा. मी बाच्या शेजारी. बाची वाकल्याली मान मला शेजारनं दिसायची. वरनं ती फकस्त पाटलाला दिसायची."

मी कंदील जरा पुढं सरकवला.

"आता पाळकसायब खाली वाकनार आन् मी वर खुर्चीत. वरनं ती कशी दिसती, ते मला बघायचं न्हाई मास्तर."

"मग आमच्यापुढं तुम्ही का वाकता? चपला शिवून आणता, पाणी भरता."

"तुमी सांगायच्या आधी करतो की. बाला सांगितल्यावर करावं लागायचं. सांगितल्यावर केली ती वेठ. आधी केली तर ती आपल्या मनाची."

पाळकसाहेब पाच रविवार जे शोधत होते ते दोन वर्षं माझं पाणी भरत होतं, हे लक्षात यायला मला जरा उशीरच झाला.

जाताना ते म्हणाले, "उद्या माझी जागा तेवढी धरून ठिवा."

गुरुवारी पाच वाजता मी शेवटच्या बाकावर बसलो. देऊळ भरलं होतं. अंमलदार गादीवर स्थानापन्न झाले. पुढच्या चौथऱ्यावर कोरी खुर्ची, तिच्यासमोर घंगाळ. शिमोनराव धुतलेला कोट घालून पुढं गेले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. पाळकसाहेबांनी कमरेला टॉवेल बांधला, गुडघे टेकले आणि मान खाली घातली.

शिमोनरावांनी क्षणभर त्या मानेकडे पाहिलं. मग ते खुर्चीवरून उतरले आणि पाळकसाहेबांसमोर, खाली फरशीवर, पाय पुढं करून बसले.

पत्रिकेत असं काही नव्हतं. घंगाळाआड काही दिसेना म्हणून अंमलदार उभे राहिले. पाळकसाहेबांनी वर पाहिलं. त्यांच्याजवळ छापील प्रार्थना होती, ती त्यांनी वाचली नाही. तेही मांडी घालून खाली बसले आणि घंगाळ दोघांच्या मध्ये ओढून घेतलं. मीही उठून उभा राहिलो. शेवटच्या बाकावरून मला फक्त दोन डोकी दिसत होती, एकाच उंचीची. नंतर बराच वेळ पाण्याचा तेवढा आवाज येत होता. शिमोनरावांचे डोळे मिटलेले नव्हते, एवढं मला दिसलं.

उपासना संपली. कुणी काही सांगायच्या आतच शिमोनरावांनी घंगाळ उचललं आणि बाहेर नेलं. मी मागोमाग गेलो. ते लिंबाच्या मुळाशी पाणी ओतत होते. पाणी आणलं होतं तसंच नितळ होतं, आणि त्यांच्या पायांना कार्बोलिक साबणाचा दर्प येत होता.

"सकाळधरनं तीनदा धुतलं," ते म्हणाले. "उगं पाळकसायबाला कशाला तरास."