आजी-आजोबा पाठवावेत

हात मी वर केला, हे कबूल. नाकारून उपयोगही नाही, कारण त्या पालकसभेला अठ्ठ्याऐंशी पालक हजर होते आणि वर गेलेला हात एकच होता.

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. आमची भिंगरी (हे तिचं खरं नाव नाही, पण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नसल्यामुळे दुसरं नाव आता कुणाला आठवतही नाही) यंदा पहिलीत गेली. पहिलीच्या बाकांवर पालकांना बसवलं होतं. माझे गुडघे हनुवटीला टेकत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदापासून दर आठवड्याला शाळेची बातमीपत्रिका घरी पाठवायची आहे. एकच पान. तुमच्यापैकी कुणाला लिहिण्याची आवड आहे?"

बायकोने लगेच माझ्या शर्टाची बाही धरली. माझ्याबरोबर नऊ वर्षं काढली आहेत तिने. पण बाही तिच्या हातात राहिली आणि हात वर गेला.

याला कारण आहे. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे आणि 'उद्या पाणी येणार नाही' ही नोटीस गेली अकरा वर्षं मीच लिहितो. माझं लिखाण वाचून अख्खं गाव बादल्या भरतं. असा वाचकवर्ग मोठमोठ्या लेखकांना मिळत नाही. (हे मी घरी एकदा बोलून दाखवलं होतं. पुन्हा दाखवलं नाही.)

मंगळवारी मोठ्या बाईंनी मजकुराची टिपणं दिली. दुसरीला नवीन बाई आल्या आहेत. पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावावं, कारण मागच्या आठवड्यात तीन दप्तरं वाळत घालावी लागली. हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत आत्ताच पाच रुमाल आणि डाव्या पायाचा एक बूट जमा आहे. शुक्रवारी गोष्टीच्या तासाला एखादे आजी किंवा आजोबा हवे आहेत. त्याच दिवशी पहिलीचं रंगकाम आहे, तर मुलांबरोबर जुने शर्ट पाठवावेत.

मी लिहायला बसलो. 'सर्व संबंधित पालकांस या पत्रिकेद्वारे कळविण्यात येते की' इथपासून सुरुवात केली आणि थेट सव्वा पानावर गेलो. बाईंनी तर एकच पान सांगितलेलं.

"दाखव बघू," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तिची नजर अशी झाली आहे की कागदावरची मुंगी नर आहे की मादी तेही सांगेल.

"छापून आल्यावरच बघ," मी म्हणालो.

इथेच माझं चुकलं. मी संगणकावर मधल्या दोन-तीन ओळी उडवल्या. पान बरोबर एक झालं. खालचा समास तर इतका सुरेख जमला की मी तो दोनदा पाहिला. मजकूर मात्र एकदाही पाहिला नाही.

बुधवारी कागद मुलांच्या दप्तरांतून घरोघर गेले. संध्याकाळी मी जरा ऐटीतच घरी आलो. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

मी घसा साफ करून वाचू लागलो. "शुक्रवारी दुसऱ्या तासाला गोष्ट सांगण्यासाठी शाळेत आजी-आजोबा पाठवावेत. ते जुने, वापरात नसलेले असावेत. रंग लागला तरी हरकत नाही, असेच पाठवावेत. प्रत्येकावर मुलाचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. शाळा सुटल्यावर परत न नेल्यास हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकण्यात येतील, याची नोंद घ्यावी."

नळ तेवढा ठिबकत होता.

"मधले शर्ट उडाले वाटतं," मी म्हणालो.

"शर्ट उडाले नाहीत. शर्टांच्या जागी आजोबा बसले." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अण्णांनी वाचलंय."

अण्णा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. सासूबाई गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. पूर्वी म्हणे त्यांचा आवाज पुढच्या स्टॉपवर ऐकू जायचा. आमच्याकडे आल्यापासून मात्र 'हो', 'नको' आणि 'असू दे' या तीन शब्दांत त्यांचा दिवस भागत होता. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या बसचे नंबर बघायचे. बायकोला त्याची काळजी वाटायची. मलाही वाटायची, पण मी ती कधी नीट मांडू शकलो नाही.

मी गॅलरीत गेलो. अण्णा हातात कागद घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर होता, म्हणजे वाचून झालं होतं.

"अण्णा, ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"बरं."

"म्हणजे जुने ते शर्ट होते. तुम्ही नव्हे."

"म्हणजे मी वापरात आहे?"

"अर्थातच!"

"कशाच्या?"

आता इथे शहाण्या माणसाने पटकन काहीतरी सांगितलं असतं. मी विचार करू लागलो. विचार करताना मी छताकडे बघतो, अशी माझी सवय आहे. खाली बघितलं तेव्हा अण्णा बसचा नंबर बघत होते.

"असू दे, जावईबापू," ते म्हणाले.

मी आत आलो. "काय म्हणाले?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्याकडे पाठ करून अण्णांसाठी चहा ठेवू लागली, आणि नऊ वर्षांत ऐकलेल्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन आला. "अहो, मला दुपारपासून चौदा आजोबांचे फोन आलेत! एक विचारत होते, नाव कपाळावर लिहायचं की पाठीवर. ताबडतोब दुरुस्ती पाठवा."

दुरुस्ती म्हटल्यावर मला हुरूप आला. नोटिशीतली दुरुस्ती हा तर माझा हातखंडा. शिवाय आता चूक होऊ नये म्हणून मी ती अगदी थोडक्यात ठेवली आणि पालकांच्या ग्रुपवर टाकली:

'दुरुस्ती : शुक्रवारी आजी-आजोबा नकोत. फक्त शर्ट हवेत.'

पाठवल्यानंतर दोन मिनिटं अगदी निवांत गेली. तिसऱ्या मिनिटाला फोन थरथरू लागला तो टेबलावरून चालत कडेपर्यंत गेला. 'माझ्या आईने काय घोडं मारलंय?' 'आमचे बाबा विचारताहेत, शर्ट हवा पण आतला माणूस नको, असं कसं?' एका आजींनी तर नातवाकडून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "येणार म्हणजे येणार."

"तू आता फोनला हात लावू नकोस," बायको म्हणाली आणि माझा फोन कपाटात ठेवला.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. फाटकापाशी पोचलो. आजी-आजोबा आले होते. एखादे नव्हे, नंतर मोजले तर त्रेपन्न भरले. काठ्या होत्या, मफलर होते, एक चाकाची खुर्ची होती. प्रत्येकावर नाव लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत. कुणी छातीवर कागद टाचला होता. एका आजींनी प्रवासाच्या बॅगेला बांधतात तशी पट्टी मनगटाला बांधली होती. एक निवृत्त हेडमास्तर माझी पत्रिकाच लाल शाईने तपासून घेऊन आले होते आणि लेखक कोण, अशी चौकशी करत होते. मी चटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. (माझ्या बुटाला नाडी नाही.)

मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. "एवढ्यांना बसवू कुठे? बाक पहिलीचे! एकदा बसले की उठणार कसे?" त्यांच्या आवाजात रडू होतं. मागे दार अडलं होतं, पुढे जागा असून कुणी सरकत नव्हतं, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

एवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. आवाज कसला, गडगडाट.

"चला, आत चला! पुढे जागा आहे! दारात उभं राहू नका!"

त्रेपन्न माणसं एका झटक्यात पुढे सरकली. मीही सरकलो. बसची सवय, पायाला कळतंच ते.

अण्णा होते. भिंगरीचा हात धरून आले होते. अंगात जुना खाकी शर्ट, आणि त्याच्या खिशावर लाल स्केचपेनने तिचं नाव, त्यातला 'भ' उलटा. "काठीवाले आधी! आजी, तुम्ही खिडकीजवळ. ओ टोपीवाले, एका जागेवर एकच! खुर्चीला वाट द्या!" पाच मिनिटांत हॉलमध्ये सतरंज्या आणि ऑफिसातल्या खुर्च्या लागल्या. जे खाली बसू शकत होते ते खाली, बाकीचे वर. मोठ्या बाई हात जोडून बघत राहिल्या.

आणि मग पहिलीच्या वर्गबाई धावत आल्या. "आजी-आजोबांच्या भांडणात शर्ट सगळेच विसरले! मुलं नव्या कोऱ्या गणवेशात आहेत आणि रंग कालवून झालाय!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. (तोपर्यंत लेखक कोण ते सगळ्यांना कळलं होतं. भिंगरीने अभिमानाने सांगितलं होतं.)

अण्णांनी क्षणभर विचार केला आणि छताकडे न बघता शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "आजोबा मंडळी," ते म्हणाले, "जुने, रंग लागला तरी चालेल असेच घालून आलात ना? मग काढा!"

पुढच्या दोन मिनिटांत सव्वीस आजोबा बनियनवर आले. आज्यांनी डोक्यावरचे, खांद्यावरचे जुने रुमाल दिले. छत्तीस मुलांपैकी सव्वीस घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या शर्टांत बुडाली, उरलेल्या दहांनी रुमाल गळ्यात बांधले. बाह्या दुमडता दुमडता तोच एक खेळ झाला. मग अण्णांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या बसमध्ये एकदा एक कोंबडी चढली, तिची मालकीण मागेच राहिली, आणि कोंबडी शेवटच्या स्टॉपपर्यंत ड्रायव्हरच्या डोक्यावर बसून गेली.

"मग?" मुलं ओरडली.

"मग काय! ड्रायव्हर म्हणाला, अंडं पडेपर्यंत ब्रेक मारणार नाही!"

हॉल असा हसला की रंगाचा एक डबा लवंडला. तो सावरायला धावलेल्या हेडमास्तरांच्या पाठीवर कुणीतरी हिरवा हात उमटवला. हेडमास्तरांनी मागे वळून पाहिलं, स्वतःचा हात निळ्यात बुडवला आणि शेजारच्या आजोबांच्या बनियनवर ठेवला. त्यानंतर चित्रकला नावाची गोष्ट कागदावर फारशी झालीच नाही. चाकाच्या खुर्चीतल्या आजींना दोन्ही गालांवर सूर्य काढून घ्यायचे होते. मुलांनी रांग लावली.

शाळा सुटल्यावर त्रेपन्नच्या त्रेपन्न आजी-आजोबा वेळेवर परत नेले गेले. नेताना मात्र पुष्कळांनी कुरकुर केली.

त्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला बसले ते दोन तास बोलत होते. कोंबडीनंतर बकरी झाली, बकरीनंतर बसमध्येच जमलेलं एक लग्न झालं. बायको वाढायचं विसरून ऐकत होती. मध्येच तिने टेबलाखाली माझा हात दाबला. मला वाटलं, मीठ हवंय. मी मीठ दिलं. ती हसली आणि तिने मीठ घेतलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. दर शुक्रवारी आजी-आजोबांचा तास ठेवायचं ठरलं होतं. हे सगळं माझ्या लेखणीमुळे घडलं, असं त्या म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली आणि पुढच्या अंकासाठी मजकूर मागितला.

"तेच सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "पत्रिका आता अण्णा आणि हेडमास्तर मिळून काढणार आहेत. तुमच्यासाठी आम्ही फार विचार करून दुसरं काम शोधलंय. लिहायचं काही नाही."

तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी शाळेसमोरच्या रस्त्यावर 'थांबा' असा गोल फलक धरून उभा असतो आणि मुलांना पलीकडे नेतो. जबाबदारीचं काम आहे. पहिल्याच दिवशी मी फलक उंच धरला आणि सगळी वाहनं जागच्या जागी थांबली. शिवाय प्रत्येक चालक मान वाकडी करून, माझ्याकडे निरखून बघत होता. एक-दोघे तर हसलेसुद्धा. इतका आदर मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी छाती थोडी पुढे काढली.

"बाबा," भिंगरी पलीकडच्या फुटपाथवरून ओरडली, "फलक उलटा धरलाय!"