कागल एक हवा

सिद्धाप्पा अंतर मैलांत सांगत नसत, हवेत सांगत. "कागल एक हवा. पेठ वडगाव पाऊण. निपाणी दोन हवा, पर पावसाळ्यात सव्वादोन धरा." ऐकणारा नवखा असला की तो गोंधळून माझ्याकडे बघायचा. मग मी त्याला समजावून सांगायचो, की यांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातून हवा हळूहळू जाते, आणि एकदा भरलेली हवा जिथवर पुरते तिथवर एक हवा होते.

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत शाहूपुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत मास्तर, ते गुळाचे अडते. पन्नाशीचं वय, आडवं अंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक स्वतःच करत आणि भाकरी थापतानाही मोठ्यानं बोलत. कुणाशी, ते मी कधी विचारलं नाही. आवाज असा, की त्यांनी कुजबुजावं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसानं मान डोलवावी.

मोटारसायकल त्यांनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. अंगावरचा हिरवा रंग अजून शाबूत होता. मागच्या चाकाची ट्यूब मात्र थकली होती. पंक्चरवाल्या बाबूनं ती घंगाळातल्या पाण्यात बुडवून कितीदा तरी तपासली. आम्ही चार-पाच जण भोवती वाकून बुडबुड्याची वाट बघत असू. बुडबुडा काही येत नसे. सकाळी टणक असलेलं चाक दुपारपर्यंत मऊ पडे.

"अण्णा, नवीन ट्यूब घाला की आता," बाबू म्हणायचा.

"का? पंक्चर सापडलं?"

"न्हाय."

"मग? पंक्चर म्हंजे अपघात. ह्ये वय हाय, बाबू. तुला न्हाय दम लागत चढावर?"

एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं, की ट्यूबमध्ये चिकट काहीतरी ओतलं की बारीक भोकं आपोआप बुजतात. गुळाच्या माणसाला चिकट म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? त्यांनी काकवी ओतली. दोन दिवस हवा खरंच टिकली. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. अंगणातून, भिंतीवरून, माझ्या न्हाणीघराच्या मोरीतून अशी रांग लागली, ती थेट मागच्या चाकापर्यंत. सिद्धाप्पा शांतपणे बघत उभे राहिले. "बघा मास्तर," ते म्हणाले, "बाबूला जे सापडलं न्हाय, ते मुंगीला सापडलं." पण नेमकं भोक दाखवायला मुंग्याही तयार नव्हत्या. शेवटी ट्यूब धुऊन पुन्हा बसवली आणि कागल पुन्हा एक हवा झालं.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळत नसे. असल्या चाकाचा मालक जवळ पंप ठेवत नव्हता. विचारलं की म्हणायचे, "पंप जवळ असला की मानूस कुठंबी थांबतोय. नसला की मानसांच्यात थांबतोय."

त्या वर्षी माझी बायको सुशीला पहिल्या बाळंतपणासाठी कागलला माहेरी गेली होती. एका सकाळी निरोप आला, की कळा सुरू झाल्यात, अडलीय, लगेच या. मी स्टँडवर पोचेपर्यंत एसटी गेलेली होती आणि पुढची केव्हा येणार ते कुणी नक्की सांगेना. परत आलो तर सिद्धाप्पा अडतीवर निघाले होते. माझं तोंड बघूनच त्यांनी किक मारली. "बसा मागं. काय बोलू नगा."

वाटभर चाक मऊ होत चाललेलं मला खालून जाणवत होतं. कागलच्या वेशीतून आत गेल्यावर एका घरासमोर ते थांबले. कट्ट्यावर पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड माणूस बसला होता. शेजारी पंप ठेवलेला. त्यानं आमच्याकडे न बघता पंप कट्ट्याच्या कडेला सरकवला. सिद्धाप्पांनी तो न बोलता उचलला. दारातून एक म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन आली. "तम्मा, वाळलास रं," एवढंच ती म्हणाली. मी सासुरवाडीकडे पळत सुटलो. घर हाकेच्या अंतरावर होतं. मी पोचलो आणि घटकाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

आता उपकार फेडायचे कसे? मला एकच सुचलं. सिद्धाप्पा अडतीवर असताना मी बाबूकडून मागच्या चाकात नवी कोरी ट्यूब घालून घेतली. जुनीचे बाबूनं ठिगळांसाठी तुकडे केले. संध्याकाळी सिद्धाप्पांनी चाकाला हात लावून बघितलं. मी हसून म्हटलं, "मुलगी झाल्याचे पेढे समजा."

ते चाकाशीच उकिडवे बसले. मग म्हणाले, "लई चांगलं केलासा, मास्तर." त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं.

रविवारी ते मला कागलला घेऊन गेले. त्या घरापाशी त्यांनी वेग कमी केला. कट्ट्यावर तोच माणूस होता, शेजारी पंप होता, दारात म्हातारी उभी होती. सिद्धाप्पांनी मान वळवून मागच्या चाकाकडे पाहिलं. चाक दगडासारखं होतं. ते थांबले नाहीत. मला सोडून ते दुसऱ्याच वाटेनं परत गेले.

मी सुशीलेला हे सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. "अहो, ती त्यांची थोरली बहीण. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. आणि ते कट्ट्यावरचे त्यांचे दाजी."

मग सगळं कळलं. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात मामाच्या मानाचा फेटा बांधायचा राहून गेला होता. सिद्धाप्पा भर मांडवात आपल्या त्या आवाजात बोलले आणि उठून चालते झाले. दाजींनी मागून सुनावलं, पुन्हा माझा उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. पण दारात वाहन अडलेल्या माणसाला हाकलायचं कसं? दर रविवारी सिद्धाप्पांचं चाक तिथंच बसे, आणि हवा भरून होईपर्यंत भाऊबहीण एकमेकांना बघून घेत.

मी कोल्हापूरला परतलो तो तसाच त्यांच्याकडे गेलो. ते भाकरी थापत होते, पण बोलत नव्हते. "मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी वेशीबाहेर व्हॉल्व्ह सैल करू. कोण बघतंय?"

"न्हाय मास्तर. आजवर चाक खरंच बसत हुतं. खोटं बोलून अक्काच्या दारात उभा ऱ्हायचो न्हाय."

पुढच्या रविवारी ते येणारच नव्हते. लेकीला बघायला जायचंय म्हणून मीच हट्ट धरला, तेव्हा निघाले. वेशीतून आत वळलो, तर रस्त्याच्या मधोमध दाजी उभे. कट्टा रिकामा होता. सिद्धाप्पांना ब्रेक दाबावाच लागला.

दाजी मागच्या बाजूला आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्यांनी अंगठ्यानं चाक दाबलं. चाक तसूभरही दबलं नाही. ते मी पाहिलं, सिद्धाप्पांनीही पाहिलं.

"हवा कमी हाय," दाजी चाकाकडे बघतच म्हणाले.

सिद्धाप्पा गाडीवरून उतरले. "व्हय," ते म्हणाले. "तुमी म्हंतासा म्हंजे कमीच असंल."

"मग उनात काय उभा ऱ्हायलाईस? पंप आत हाय."

दाजी पुढं निघाले. सिद्धाप्पांनी गाडी माझ्या हातात दिली, वहाणा कट्ट्याखाली काढल्या, धोतराचा सोगा सावरला आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला, मग म्हातारीचं रडणं, आणि त्यावर सिद्धाप्पांचा तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज, "अगं, जेवाय वाढ की आधी."

मी गाडी कट्ट्याला टेकवून ठेवली आणि चालत सासुरवाडीला गेलो. दिवेलागणीला मी परत तिथं आलो, तेव्हा गाडी तशीच उभी होती. हवा भरायला कुणी बाहेर आलं नव्हतं.