प्रेमलालची कवळी

जुन्या मित्राच्या, पुनारामच्या पत्राला दुलीचंदने अजून उत्तर दिलं नव्हतं. रामपायलीहून आलेल्या त्या पत्रात एवढंच विचारलं होतं की, नात श्रुतिकाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, मंगलाष्टकं तूच म्हणायची, येतोस ना? पुनारामच्या स्वतःच्या लग्नात आणि पुढे त्याच्या मुलाच्या लग्नातही दुलीचंदनेच ती म्हटली होती. कॉलेजच्या वाचनालयात जन्म काढलेल्या या लाजाळू माणसाचा आवाज लोकांनी ऐकला तो तेवढाच. पण आता त्याच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि बोळक्यातून निघालेलं 'सावधान' कोणालाच सावध करत नाही.

बालाघाटच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दोन उपाय सांगितले होते. हाडात स्क्रू बसवून फिक्स दात केले तर ते हलायचे नाहीत, पण पूर्ण व्हायला चार-पाच महिने जायचे. काढता-घालता येणारी कवळी लग्नाआधी तयार होईल.

"पडेल का हो?" दुलीचंदने हळूच विचारलं होतं.

"सवय होईपर्यंत सांगता येत नाही, काका."

म्हणजे फिक्स घेतले तर लग्न हुकणार, आणि कवळी घेतली तर ती भर मांडवात अक्षतांबरोबर नवरीच्या पायाशी जाणार. त्याने दातांवरची दोन पुस्तकं वाचून काढली. त्यामुळे गोंधळ तेवढा वाढला. शेवटी चहाच्या टपरीवर त्याने कवळी वापरणाऱ्या चैतरामला विचारलं, आणि तिथेच चुकलं.

"हे पाह्य, अशी निघते न अशी बसते!" चैतरामने चार लोकांदेखत स्वतःची कवळी तळहातावर काढून दाखवली. दुपारपर्यंत दुलीचंदच्या दातांचा प्रश्न सगळ्या मोहल्ल्याचा झाला.

संध्याकाळी शेजारच्या शांताबाई हातात डबी घेऊन आल्या. त्यांचे यजमान प्रेमलाल दोन वर्षांपूर्वी वारले होते. ते घरात बोलले की चौकात ऐकू जायचं.

"भाऊजी, हे यायची कवळी. मांगं राहून गेली, न मले काही फेकवली नाही. धुवून आनली. घालून तं पाहा."

"दुसऱ्याची कशी घालू, वहिनी?"

"चप्पल नाही का घालून पाहत आपन, घ्यायच्या आंधी?"

दुलीचंदला नाही म्हणता येत नसे. या स्वभावापायी घरात तीन मिक्सर झाले होते. त्याने डोळे मिटून कवळी बसवली. ती सैल होती, पण बसली.

"हासा बरं."

तो हसला. शांताबाईंचा हात नकळत पदराकडे गेला. पदर डोक्यावर घेऊन त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अस्सेच हासत होते तुम्ही, ताट फेकल्यावर."

दुलीचंदने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माही माय मेली, तं तिच्या तेरवीले मले जाऊ देल्लं नाही. काहून?"

'वहिनी, मी दुलीचंद,' असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं 'खट' निघालं.

"गप ऱ्हा! जलमभर तुम्हीच बोलले. आता मी बोलून राह्यली."

सून ज्योत्स्ना चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "बाबूजी, आंटी किसको डाँट रही हैं?"

दुलीचंदने हातानेच तिला गप्प केलं, तशी ती ट्रे घेऊन त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. कवळी काढावी असं त्याला वाटत होतं, पण बाई मनातलं बोलत असताना मध्येच दात काढायचे कसे? तो मान हलवत राहिला. ताटाला हलवली, तेरवीला हलवली, कधीच न घेतलेल्या हिरव्या लुगड्यालाही हलवली. प्रेमलालने चाळीस वर्षांत हलवली नसेल एवढी मान त्याने एका बैठकीत हलवली.

"आता म्हना, चुकलं."

हे मात्र जड होतं. दुसऱ्याची चूक आपण कशी कबूल करायची? पण ज्याने म्हणायचं तो तर गेला होता, आणि बाई वाट पाहत होत्या.

"चुकलं," तो म्हणाला, आणि कवळी सटकन निघून ज्योत्स्नाच्या ट्रेमधल्या चहाच्या कपात पडली.

ज्या गोष्टीला तो इतके दिवस भीत होता, ती दोन बायकांदेखत घडून गेली होती. शांताबाईंनी कपात वाकून पाहिलं.

"जित्तेपनी हा शब्द यायच्या तोंडातून निघाला नाही," त्या म्हणाल्या. "आता निघाला, तं दातासकट निघाला!"

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर खांद्यावर घसरला, ज्योत्स्नाला ट्रे खाली ठेवावा लागला, आणि शेवटी दुलीचंदही आपल्या बोळक्याने मनसोक्त हसला. प्रेमलालच्या घरातून असं हसू त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे माप देऊन तो तसाच पोस्टाकडे निघाला. पत्र रात्रीच लिहून ठेवलं होतं:

"येतो. निघनारेच दात करून राह्यलो. मांडवात पडले तं सगळ्यात आंधी तू हास, म्हंजे बाकीच्यायले सोपं जाईल."

पेटीत हात घातल्यावर तो सवयीने थांबला. अक्षर नीट आहे का, 'आशीर्वाद' लिहायचं राहिलं का, असं काहीबाही मनात आलं. मग विचार बदलायच्या आत त्याने बोटं सोडली.